काचेचं हेड

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात डोळे मिटून कुणी काही घेत नाही. दौंडहून भीमा ओलांडून नगरच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं, आणि शनिवारी तिथं जनावरांचे टेम्पो आणि पिकअप यांची दाटी असते. बैल घेणारा आधी त्याचं तोंड उघडतो. आदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे की जुळलेला, हे स्वतः बघतो. मग चालवून बघतो, खूर बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. गाय असेल तर कासेला हात लावल्याशिवाय भावाची गोष्ट निघत नाही. मालक काय सांगतो ते तो ऐकून घेतो, पण त्या सांगण्यावर पैसे मोजत नाही.

हीच माणसं बाजार उरकला की बिघडलेला पंप किंवा पॉवर वीडर घेऊन रस्त्याकडेच्या एका गॅरेजात यायची आणि तिथं मात्र मिस्त्री सांगेल ते प्रमाण मानायची. गोष्ट म्हणून सांगतो आहे, तेव्हा त्याला नुसतं मिस्त्रीच म्हणू. माणूस कसबी होता. शाळा अर्धवट सुटलेली, पण नगरला तयार होणाऱ्या लुनापासून हात बसलेला. चालू इंजिनाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि कुठली बेअरिंग गेली ते खोलायच्या आधी सांगायचा. ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

त्याचं एक पालुपद होतं: धूर तिथं जोर. नवीन इंजिन आलं की कार्बोरेटरमधली जेट काढायची, तिचं भोक बारीक पिनेनं थोडं मोठं करायचं आणि परत बसवायची. ‘कंपनीवाले पेट्रोल चोरून देतात, इंजिन उपाशी राहतं,’ असं तो सांगायचा. जेट मोठी झाली की इंजिन भरड आवाज करायचं, काळा धूर सोडायचं, आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. घोडच्या कालव्याच्या बाजूला, लिंबाच्या बागांत, कांद्याच्या रानांत अशी कितीतरी इंजिनं त्याच्या हातची होती.

त्याची भाची आयटीआय करून त्याच्या गॅरेजात आली. मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुली कमी, म्हणून सुरुवातीला लोक तिच्याकडे बघायचे. मग तिनं दोन-तीन गिअरबॉक्स उतरवलेले बघितल्यावर बघायचे थांबले. तिच्या मनात एक गोष्ट मात्र अडकून राहिली होती. आयटीआयमध्ये कापलेलं इंजिन असतं. सिलिंडरची भिंत करवतून काढलेली, आतले भाग लाल-निळ्या रंगानं रंगवलेले. हँडल फिरवलं की पिस्टन खालीवर होतो, व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. मुलं चार स्ट्रोक पाठ करतात: हवा-पेट्रोल ओढलं, दाबलं, पेटलं, बाहेर टाकलं. पण तिसऱ्या स्ट्रोकाला त्या इंजिनात काहीच होत नाही. फिरवणारा हातच पिस्टन खाली ढकलतो.

“मामा, ते फिरतं, पण पेटत नाही,” ती म्हणाली. “मला पेटलेलं बघायचंय.”

“त्यात बघायचं काय? आत स्फोट होतो. इतकी वर्षं ऐकतोय मी तो.”

“ऐकताय. बघितलाय का?”

मिस्त्री हसला. पण त्याच आठवड्यात एक शेतकरी तक्रार घेऊन आला की वीडरचा प्लग सारखा काळा पडतो, बदलून बदलून वैताग आला. मिस्त्रीनं पेट्रोल पंपाला शिव्या घातल्या, पेट्रोलच भेसळीचं असणार म्हणाला. भाचीनं प्लग हातात घेऊन पाहिला. टोकाला कोरडी, मऊ काजळी होती. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग तांबूस-करडा असतो हे तिला शिकवलेलं होतं. ती बोलली. मिस्त्री म्हणाला, “तुझ्या सरांनी किती इंजिनं खोलली?” विषय तिथं मिटला. तिच्या मनात मात्र तो मिटला नाही.

भंगारवाल्याकडं तिला एक जुना पाणी उपसायचा पंप मिळाला. त्याचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं होतं, आणि हीच तिच्या नशिबाची गोष्ट. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. या जुन्या जातीत ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये, तोंड वर करून बसलेले. त्यामुळं हेड म्हणजे फक्त झाकण. झाकण काढून त्या जागी पारदर्शक झाकण बसवलं, की पिस्टनचा माथा, दोन्ही व्हॉल्व्ह आणि प्लगचं टोक एका नजरेत येतं.

दौंडला दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून तिनं जाड अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला. जुन्या हेडच्या आतल्या बाजूला जो खोलगट भाग असतो तसाच यातही कोरून घेतला, नाहीतर व्हॉल्व्हना उघडायला जागाच राहिली नसती. कोरलेली जागा पांढरी, धूसर झाली. मग पाणकागद. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक, सगळा पाण्यात भिजवून. शेवटी पितळ चकचकीत करायच्या पॉलिशनं फडक्यानं घासत बसायचं. संध्याकाळी गिऱ्हाईक थांबलं की ती घासायला बसायची. मिस्त्री लांबून बघायचा. प्लगचे आटे थेट प्लास्टिकमध्ये पाडायला लागली तेव्हा त्याला राहवलं नाही. “अगं, प्लग तापला की आटे मऊ पडतील. प्लग गोळीगत सुटेल.” त्यानं स्वतः लेथवर पितळी बुश करून दिला आणि तो अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवला. त्या दिवसापासून काम दोघांचं झालं.

पहिलं झाकण इंजिन सुरू व्हायच्या आधीच तडकलं. स्टडची भोकं अगदी मापात ठेवली होती. ऊन आलं, प्लास्टिक फुगलं, आणि एका स्टडपासून दुसऱ्यापर्यंत बारीक रेघ गेली. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं. दुसऱ्या झाकणाची भोकं सैल ठेवली, नटाखाली फायबरचे वॉशर घातले, आणि नट आवळले ते समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, पेट्रोलही त्याला सोसत नाही. म्हणजे इंजिन चालवायचं ते मोजक्या सेकंदांपुरतं, मग थंड होऊ द्यायचं. वरून पॉलिकार्बोनेटची आणखी एक आडवी फळी लावली, म्हणजे झाकण फुटलं तरी तोंडावर येऊ नये. मिस्त्रीनं वेल्डिंगचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि मग काळ्या काचेतून काही दिसणार नाही हे लक्षात येऊन ग्राइंडिंगचा साधा चष्मा दिला.

पेट्रोल घालायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. मॅग्नेटो काढून तिथं मोटारसायकलची बॅटरी आणि कॉइल जोडली. त्यामुळं फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवलं तरी प्लगला ठिणगी पडते. शटर निम्मं ओढलं, दिवा बंद केला, आणि फ्लायव्हील फिरवलं. पिस्टन वर येत होता. माथ्याला पोचायला अजून अंतर होतं आणि चट्‌कन निळी ठिणगी पडली.

“टायमिंग चुकलंय,” मिस्त्री म्हणाला.

“नाही मामा. बरोबर आहे. खुणेवर आहे.”

ठिणगी वर पोचायच्या आधीच टाकावी लागते. कारण सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. आग प्लगपासून निघते, पसरत जाते, आणि तिला वेळ लागतो. पिस्टन माथ्यावर येऊन खाली वळतो त्या सुमारास आतला दाब शिगेला पोचलेला हवा असतो. त्यासाठी सुरुवात आधीच करायची. मिस्त्रीनं आयुष्यभर टायमिंग खुणेला लावलं होतं. खूण माथ्याच्या आधी का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो काही बोलला नाही, पण त्यानं फ्लायव्हील आणखी तीनदा स्वतःच्या हातानं फिरवून पाहिलं.

मग पेट्रोल सोडलं, दोरी ओढली.

पेटलेलं इंजिन ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगणं अवघड आहे. आतलं सगळं ओलं दिसतं. एक व्हॉल्व्ह वर उचलला जातो, धुक्यासारखं काही आत घुसतं, व्हॉल्व्ह बसतो, पिस्टन वर येतो, आणि काचेखालचा तो हातभर अंतरावरचा खळगा एकदम पिवळ्याधमक उजेडानं भरतो. मग दुसरा व्हॉल्व्ह उचलतो आणि राखाडी धूर त्याच्याकडं ओढला जातो. हे सेकंदात पाच-सहा वेळा. डोळ्याला नुसता लखलखाट. भाचीनं मोबाइल स्लो मोशनवर लावला होता. नंतर दोघांनी तो व्हिडिओ पुढंमागं करून पाहिला. एका चित्रात उजेड फक्त प्लगच्या बाजूला. पुढच्यात अर्ध्या खळग्यात. त्याच्या पुढच्यात सगळीकडं. स्फोट कुठंच नव्हता. आग चालत गेली होती.

मिस्त्रीला मात्र त्या व्हिडिओत दुसरंच दिसलं. “बघितलंस का उजेड? किती पिवळा, किती लख्ख! हाच तो जोर. मी काय सांगत होतो?”

त्या इंजिनाची जेट कधीकाळी त्याच्याच हातानं मोठी झालेली होती. भोकाच्या कडेचा ओरखडा त्यानं ओळखला होता.

पुढच्या शनिवारी बाजार पांगायला लागला तेव्हा गॅरेजसमोर गर्दी जमली. मिस्त्रीनं काचेचं हेड चालवून दाखवलं. लोकांनी आ वासला. कुणी म्हणालं, चाळीस वर्षं इंजिन वापरतोय, आज पोट बघितलं. मिस्त्रीनं मोठी जेट दाखवली, लख्ख ज्योत दाखवली, आणि धूर तिथं जोर हे सगळ्यांच्या साक्षीनं सिद्ध करून टाकलं. व्हिडिओ श्रीगोंद्यापर्यंत, तिकडं दौंडपर्यंत मोबाइलवर फिरला. भाची बाजूला उभी होती. तिला तो उजेड खटकत होता, पण खटकण्याला पुरावा नव्हता.

इथं थोडा लांबचा फेरा घेतो, कारण असं काचेत बघून फसणारा आपला मिस्त्री पहिला नव्हे. चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं ते जर्मनीच्या निकोलाउस ओटोनं, १८७६ साली, कोलोनजवळच्या डॉइट्झमध्ये. तोही इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता. चहा, साखर, तांदूळ असा माल घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता होता. आपलं इंजिन इतकं संथ का चालतं याचं त्याला कोडं होतं. त्याची समजूत अशी की सिलिंडरमध्ये पेटणारा माल थरांनी बसतो, पेटवायच्या टोकाला दाट आणि पिस्टनच्या बाजूला विरळ, म्हणून धक्का मऊ बसतो. हे पडताळायला त्यानं हातानं फिरवायचं काचेचं सिलिंडर केलं आणि त्यात सिगारेटचा धूर ओढून पाहिला. धूर थरांनी बसलेला त्याला दिसला. पेटंटमध्ये त्यानं या थरांवर भर दिला. खरं बळ होतं ते पेटवण्याआधी मिश्रण दाबून घेण्यात. १८८६ साली जर्मनीत त्याचं पेटंट रद्द झालं, कारण चार स्ट्रोकांचं वर्णन अल्फोंस बो द रोशा या फ्रेंच माणसानं १८६२ मध्येच छापून ठेवलं होतं. ओटो मोठाच माणूस होता, त्याच्या हातानं जग बदललं. पण काचेसमोर बसताना उत्तर त्याच्या खिशात आधीपासून होतं, आणि काचेनं तेच त्याला परत दिलं. पुढं १९३०च्या दशकात जनरल मोटर्सच्या लॉइड विथ्रो आणि जेराल्ड रॅसवायलर यांनी इंजिनाला क्वार्ट्झची खिडकी लावून सेकंदाला हजारो चित्रं घेतली, आणि त्यांच्या शेजारी त्याच क्षणांचा दाबही नोंदवला. नजरेच्या शेजारी त्यांनी माप ठेवलं. मला वाटतं, ओटोच्या आणि त्यांच्या काचेत फरक होता तो एवढाच.

मिस्त्रीच्या घरात माप आलं ते स्वयंपाकघरातून. रात्री जेवताना त्यानं कौतुकानं व्हिडिओ बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, दाखवला. तिनं भाकरी परतता परतता पाहिला.

“दादा, हे तर गॅसचा बर्नर चोंदल्यावर जळतो तसं दिसतंय.”

“म्हणजे?”

“अरे, पिवळा जळायला लागला की भांड्यांची बुडं काळी होतात. सिलिंडर लवकर संपतो आणि भात शिजायला उशीर. बर्नर साफ केला की निळा.” आणि तिनं भाकरी टोपलीत टाकली.

मिस्त्री जेवून उठला, पण झोपला नाही. सकाळी भाची येण्याआधी गॅरेजात जाऊन त्यानं काचेचं हेड उतरवलं. आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. मोजक्या सेकंदांच्या चालण्यात एवढी काजळी. जो पिवळा उजेड त्यानं जोर म्हणून दाखवला होता, तो न जळलेल्या कोळशाच्या कणांचा होता. हवा कमी पडली की पेट्रोलातला कार्बन पुरता जळत नाही, त्याचे कण तापून लाल-पिवळे चमकतात आणि मग काजळी होऊन धुराबरोबर बाहेर पडतात किंवा प्लगवर बसतात. पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण पंधरापट हवा लागते. जेट मोठी केली की पेट्रोल वाढतं, हवा तेवढीच राहते.

भाची आली तेव्हा त्यानं काळं बोट तिच्यापुढं धरलं आणि म्हणाला, “आता माप घेऊ.”

माप गावठी होतं, पण खरं होतं. लोखंडी हेड परत चढवलं, कारण काचेचं तेवढा वेळ टिकणार नव्हतं. पेट्रोलच्या टाकीऐवजी सलाईनची बाटली टांगली, तिच्यावर रेघा छापलेल्याच असतात. पंपाचा पाइप दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सोडला. एकदा मिस्त्रीनं मोठी केलेली जेट, एकदा मूळ मापाची कोरी जेट. ड्रम भरायचा आणि रेघा मोजायच्या. कोऱ्या जेटला ड्रम लवकर भरला आणि बाटलीत पेट्रोल जास्त उरलं. उलटसुलट करून पाहिलं, थंड इंजिनावर पाहिलं, तापल्यावर पाहिलं. निकाल बदलला नाही.

भाचीला आता हुरूप आला. पेट्रोल आणखी कमी केलं तर आणखी फायदा, म्हणून तिनं त्याहून बारीक जेट घातली. इंजिन शिंकायला लागलं, कार्बोरेटरमधून उलट फटका यायला लागला. “काढ ती,” मिस्त्री म्हणाला. “उपाशी ठेवलंस तर जळेल.” त्यानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि भंगाराच्या डब्यातून एक एक जेट घालायला सांगितली. चौथ्या की पाचव्या जेटला तो म्हणाला, “हीच.” बाटलीच्या रेघांनीही तीच सांगितली. ती कोऱ्या जेटच्या मापाची निघाली. तो कान खोटा नव्हता. त्याला कधी कुणी बाटली दाखवली नव्हती एवढंच.

मग काचेचं हेड घासूनपुसून परत बसवलं आणि नव्या जेटवर चालवून पाहिलं. ज्योत मंद, निळसर, उजेडात तर दिसेनाच. शटर पुरतं ओढावं लागलं. दिसायला अगदीच किरकोळ. इंजिन मात्र एकसारखं चालत होतं, आणि झाकण उतरवलं तेव्हा जवळजवळ स्वच्छ होतं.

“शनिवारी हे दाखवायचं?” भाचीनं विचारलं. तिच्या मनात कदाचित दुसरा प्रश्न होता: दाखवायचं की नाही. व्हिडिओ फिरून झाला होता. जेटा गुपचूप बदलता आल्या असत्या. एकेक गिऱ्हाईक येईल तसं ‘सर्व्हिसिंग’ म्हणून उरकता आलं असतं, वर चार पैसे घेता आले असते. अशी सोय ज्याच्या हातात असते त्यानं ती नाकारणं सोपं नसतं, आणि गॅरेजचा धंदा तर सगळा शब्दावर चालतो.

शनिवारी गर्दी मागच्यापेक्षा जास्त होती. मिस्त्रीनं आधी मोठ्या जेटवर पुन्हा काळं करून घेतलेलं झाकण हातात धरून सगळ्यांना दाखवलं, बोट फिरवून दाखवलं. मग म्हणाला, “मागच्या शनिवारी मी दाखवलं ते खरं होतं. सांगितलं ते चूक होतं. तो उजेड म्हणजे तुमचं न जळलेलं पेट्रोल.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून आवाज आला, “म्हंजे इतकी वर्सं आमचं प्येट्रोल धुरातच गेलं व्हय?”

“गेलं.”

“आन् माझं प्लग?” हा तोच, काळ्या प्लगवाला.

“तुझं पेट्रोल भेसळीचं नव्हतं. माझी जेट मोठी होती. प्लगचे पैसे माझ्याकडं लागले.”

लोक हसले नाहीत. दोघं-तिघं तिथून उठून गेले ते वर्षभर फिरकले नाहीत. पलीकडच्या गॅरेजवाल्यानं हंगामभर ही गोष्ट चवीनं सांगितली. भाचीनं निळ्या ज्योतीचा दुसरा व्हिडिओ टाकला, खाली मिस्त्रीचा आवाज घालून. पहिला जितका फिरला त्याच्या पावपटही तो फिरला नाही. लख्ख पिवळं बघायला लोकांना आवडतं, निळसर काहीतरी थरथरताना कोण पुढं पाठवणार? आजही दौंडकडं कुणाकुणाच्या मोबाइलवर पहिलाच व्हिडिओ आहे आणि ते तो खरा म्हणून दाखवतात. ही भरपाई मिस्त्रीला कधीच पुरती करता आली नाही, आणि ती त्याला बोचत असे.

जेवढी हातात होती तेवढी त्यानं केली. कोऱ्या जेटांचं पुडकं मागवलं, जुन्या वहीतून आणि आठवणीतून नावं काढली, आणि मोटारसायकलीवर भाचीला मागं बसवून रानोमाळ फिरायला लागला. जेट फुकट, मजुरी फुकट. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी बोलणी. एका मळ्यात बाईनं सरळ सांगितलं की मालक घरी नाहीत, आणि तुम्ही इंजिनाला हात लावू नका. त्यानं जेट कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि कुठल्याही मिस्त्रीकडून बसवून घ्या म्हणाला.

सगळ्यात जड गेलं ते कालव्याच्या अंगाला असलेल्या लिंबाच्या बागेत. तिथले तात्या त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा वीडर झाडांच्या ओळींतून काळा धूर सोडत चालला होता. मिस्त्रीनं थांबवायला सांगितलं, जेट बदलली, परत सुरू केला. धूर बंद झाला. तात्यांनी इंजिनाकडं बघितलं, धुराड्याकडं बघितलं.

“हे मेलं की रं.”

“मेलं नाही तात्या. नीट जळतंय.”

“धूर न्हाई म्हंजे जोर न्हाई. तूच सांगितलंस. माज्या नातवाला बी मी त्येच शिकवलं.”

“मीच सांगितलं होतं.”

“मग आता कुनाचं ऐकायचं? तवाच्या तुजं का आत्ताच्या तुजं?”

मिस्त्रीनं पिशवीतून सलाईनची बाटली काढली, वीडरच्या मुठीला तारेनं बांधली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. “कुणाचंच नको,” म्हणाला, “रेघ तुम्ही धरा.” भाचीनं तात्यांच्या हातात मार्कर पेन दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बाटलीवर रेघ मारली, तिच्यावर बोट ठेवून पडताळली. आधी जुनी जेट घालून दोन ओळी चालवल्या, तात्या बाटलीवरची नजर न हलवता शेजारून चालत होते. मग नवी जेट, पुढच्या दोन ओळी. परत येऊन त्यांनी दोन्ही रेघांमधलं अंतर बोटानं मोजलं. नवीचं कमी होतं, चांगलंच कमी. मिस्त्री काही बोलला नाही. भाची हसायच्या बेतात होती, त्यानं तिला नजरेनं थांबवलं.

तात्या बराच वेळ बाटलीकडं बघत राहिले. मग मान हलवली.

“न्हाई पटत. ह्या दोन वळी पाटाकडंच्या हैत, माती मऊ हाय. जुनी जेट घाल परत, आन् तिच्यावर ह्या पाटाकडंच्याच शेजारच्या दोन चालव. मग बगू.”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाला, आणि दहाचा पाना घेऊन कार्बोरेटरची वाटी खोलायला खाली बसला.